चहातली गोळी

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटपासून टिळक पथानं गुलमंडीकडे निघालं की दोन्ही हातांना कापडाची, साड्यांची, तयार कपड्यांची दुकानं लागतात. त्यातली कितीतरी एकाच घरातल्या दोन-तीन पिढ्यांनी चालवलेली. अशा घरातलं आजारपण लपत नाही, कारण गल्ल्यावर बसणारा माणूस दोन दिवस दिसला नाही की शेजारचा दुकानदार विचारतोच. म्हणूनच कदाचित लपवण्याची धडपडही इथे जास्त. बायपोलर आजारात माणूस काही आठवडे बेभान उत्साहात आणि मग काही महिने खोल उदासीत जातो. त्यावर मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू करायची वेळ आली की घरात आधी चर्चा होते ती औषध कोणतं याची नव्हे, तर ते ज्याला द्यायचं त्याला सांगायचं की नाही याची. पेशंटला न सांगता चहातून, वरणातून गोळी देणं आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की पुष्कळांना त्यात गैर काही वाटतही नाही. या प्रश्नाच्या दोन बाजू मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. काका गुलमंडीवरचे कापड दुकानदार. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाचा उन्मादाचा झटका नुकताच ओसरला आहे. ताई मनोविकारतज्ज्ञ, पुढचा झटका रोखण्यासाठी लिथियम सुरू करावं असं त्यांना वाटतं. काका एकटेच भेटायला आले आहेत. मुलगा दुकानात आहे.

काका : मॅडम, जे काय सांगायचं ते मला सांगा, लेकराला नका सांगू. तीन आठवडे पोरगं झोपलं नाही. लग्नसराई दोन महिने लांब असताना सुरतेहून दुप्पट माल उधारीवर उचलला. बाजारात माझी पत किती वर्षांची आहे, म्हणून निभावलं. त्याच्या आधी चार महिने खोलीच्या बाहेर आला नव्हता. आता कुठे जरा शांत झालाय, तोवर तुम्ही त्याला म्हणणार, बाबा रे, तुला असा असा आजार आहे, गोळी कित्येक वर्षं घ्यावी लागेल, किडनी तपासावी लागेल. तो उठून जाईल. गोळी तर घेणार नाहीच, वर तुमच्याकडे यायचंही बंद करेल. त्याची आई रोज सकाळी चहा देते, त्यात गोळी देईल. कुणाचं नुकसान आहे त्यात? लेकरू बरं राहिलं म्हणजे झालं की.

ताई : काका, नुकसान त्याचंच आहे, आणि ते जिवावरचं असू शकतं. लिथियम हे पोटात गेलं की झालं असं औषध नाही. रक्तात ते लिटरमागे साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल एवढं राहावं लागतं. उन्मादाच्या भरात थोडं जास्त, 1.0 पर्यंत चालतं. 1.5 च्या वर गेलं की विषबाधेची भीती सुरू होते, आणि 2 च्या वर माणसाला तातडीनं दवाखान्यात न्यावं लागतं. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत एवढंच अंतर असलेली औषधं फार थोडी आहेत. म्हणून सुरू केल्यावर आठवड्याभरात रक्त तपासायचं, तेही शेवटची गोळी घेऊन बारा तास झाल्यावर. डोस बदलला की पुन्हा तपासायचं. बसवलेला डोस टिकला की तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. ज्याला गोळीच माहीत नाही, त्याचं रक्त तुम्ही कुठल्या कारणानं काढणार? हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती कुटून चहात घालताच येत नाही, सगळा डोस एकदम सुटतो. आणि उद्या कापडाचे गठ्ठे उचलून त्याची पाठ धरली, त्यानं मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली, तर त्या गोळ्यांनी लिथियमची पातळी वाढते. पॅरासिटामॉल चालली असती. पण हे त्याला कुणी सांगायचं? आईनं, चहा देताना?

ताईंचा हा मुद्दा नैतिक वाटण्याआधी वैद्यकीय आहे, आणि माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी. पेशंटला सांगणं हा त्याच्या मानासाठी केलेला शिष्टाचार आहे असं मानलं, तर संकटात तो बाजूला ठेवता येतो. लिथियमच्या बाबतीत सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. या औषधाचा इतिहासच ते दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या रुग्णालयात जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञानं 1948 मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार दिले आणि 1949 मध्ये त्याचा अहवाल छापला. पहिला रुग्ण 51 वर्षांचा होता, पाच वर्षं सतत उन्मादात. काही आठवड्यांत तो सावरला, काही महिन्यांत घरी गेला आणि जुन्या कामावर रुजू झाला. मग गोळी घेण्यात ढिलाई आली, ती सुटली आणि तो पुन्हा रुग्णालयात आला. 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं त्याचा मृत्यू झाला. गोळी सोडली तर काय होतं आणि न मोजता दिली तर काय होतं, ही दोन्ही टोकं त्या एकाच आयुष्यात दिसली. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड देण्याची पद्धत होती. त्यातही लोक दगावले. 1950 च्या दशकात मेलबर्नच्या एडवर्ड ट्राउटनर यांनी रक्तातली पातळी मोजून डोस बसवायची पद्धत रुळवली आणि डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी काटेकोर चाचण्या घेतल्या, तेव्हा कुठे हे औषध विश्वासाचं झालं. अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला 1970 उजाडलं. म्हणजे लिथियमला सुरक्षित केलं ते मोजणीनं. आणि ही मोजणी पेशंटच्या सहभागाशिवाय वर्षानुवर्षं चालू शकत नाही.

काका : मोजमापाचं कळलं. पण तुम्ही धोके सांगायला लागलात तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात धोकाच राहतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला आधी माल दाखवतात, रंग जाईल का ते त्यानं विचारलं तर सांगतात. गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच आहे, या गोळ्यांनी किडनी जाते.

ताई : किडनीचं मी त्याला स्वतःहून सांगणार, त्यानं विचारायची वाट बघणार नाही. 2012 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिथियमच्या दुष्परिणामांवरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात डायलिसिस किंवा किडनी बदलण्यापर्यंत वेळ आलेले रुग्ण 3369 मध्ये 18 होते, म्हणजे शंभरात अर्धा. शून्य नाही. किडनीचं काम काही जणांत मंदावतं, म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहायचं. किडनीचं काम कमी व्हायला लागलं तर डोस उतरवता येतो, औषध बदलता येतं. किडनी एका रात्रीत जात नाही, तपासण्या चालू असतील तर ती आधी कळवते. थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण यापेक्षा बरंच जास्त आहे, त्यावर साधी गोळी असते. कॅल्शियम वाढू शकतं. वजन वाढतं. हात बारीक थरथरतो, तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगितलं, तर थरथर सुरू झाल्यावर तो मला फोन करेल. नाही सांगितलं तर त्याला वाटेल काहीतरी भलतंच होतंय, आणि गोळी माहीत असो वा नसो, तो घाबरून जाईल. तुमच्या गिऱ्हाइकाचं उदाहरण मी तुमच्यावरच उलटवते. रंग जाणार हे माहीत असून न सांगता विकलेलं कापड गिऱ्हाईक एकदाच घेतं.

काका : आणि फायदा किती ते? तो तरी भक्कम सांगा.

ताई : जेवढा आहे तेवढाच सांगते. 2010 मध्ये छापलेली बॅलन्स नावाची चाचणी आहे, 330 रुग्णांची, दोन वर्षांपर्यंतची. व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध. नुसतं ते घेणाऱ्यांपैकी 69 टक्के जणांना मूडच्या नव्या झटक्यासाठी जादा उपचार लागले, नुसतं लिथियम घेणाऱ्यांत 59 टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत 54 टक्के. म्हणजे लिथियम सरस आहे, पण ते घेऊनही निम्म्याहून अधिक लोकांना दोन वर्षांत कधी ना कधी अडखळायला झालं. ही गोष्ट लपवून मी ‘आता काळजी मिटली’ म्हटलं, तर पहिल्या झटक्यालाच तो म्हणेल, गोळी खोटी, डॉक्टर खोटी. त्यापेक्षा आधीच म्हणते, झटके कमी होतील, सौम्य होतील अशी आशा आहे. मध्ये एखादा आला तर तो तुझा दोष नाही, औषध फुकट गेलं असंही नाही.

इथे ताईंनी आणखी एक आकडा सांगितला असता तर काकांचं समाधान पटकन झालं असतं. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका मोठा असतो, आणि लिथियम तो कमी करतं असं मनोविकारतज्ज्ञ अनेक दशकं मानत आले आहेत. 2013 मध्ये 48 चाचण्या आणि 6674 रुग्णांचा एकत्रित आढावा आला. त्यात लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या लक्षणीय कमी आढळल्या. पण 2021 च्या अखेरीस अमेरिकेत 519 माजी सैनिकांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात चालू उपचारांना लिथियमची जोड दिल्यावर आत्महत्येचे प्रयत्न आणि तत्सम घटनांत फरक पडला नाही, आणि ती चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली. तिच्यात पुष्कळांच्या रक्तातलं लिथियम कमीच होतं, हे खरं. तरी निष्कर्ष दुर्लक्षून चालत नाही. घरच्यांना धीर द्यायचा म्हणून पहिला अभ्यास सांगायचा आणि दुसरा गिळायचा, हा मोह डॉक्टरला होणं स्वाभाविक आहे. मला वाटतं तो आवरायला हवा. ‘जीव वाचेलच’ असं वचन देऊन सुरू केलेली गोळी घरच्यांचा पहारा सैल करते. हा धोका असलेल्या पेशंटजवळ लिथियमचा महिनाभराचा साठा ठेवू नये, हे तर कुठल्याही अभ्यासाविना कळण्यासारखं आहे, कारण तोच साठा एकदम घेतला तर घातक ठरतो.

काका : बरं, तो स्वतः काय म्हणतो ते ऐका. म्हणतो, उत्साहात असतो तेव्हाच माझं डोकं चालतं, नवी डिझाइन सुचतात, गिऱ्हाईक खेचतो. गोळीनं मी बधीर होणार. यावर मी काय सांगू?

ताई : हे खोटं आहे असं मात्र सांगू नका. काही लोकांना तसं वाटतं, खरंच वाटतं. डोस जास्त असेल तर माणूस मंद होतो, तेव्हा तो कमी करून बघावा लागतो. मोगेन्स शू यांनी 1979 मध्ये लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांना हेच विचारलं होतं. 12 जण म्हणाले, काम वाढलं. 6 जण म्हणाले, फरक नाही. 6 जण म्हणाले, कमी झालं. छोटा अभ्यास आहे, पण मी त्याला तो जसाच्या तसा सांगेन आणि म्हणेन, तू कुठल्या गटात पडशील ते आपण सहा महिने घेऊन पाहू. त्याच्याकडे माघार घ्यायला वाट राहिली पाहिजे. फक्त एक अट, थांबायचं झालं तर मला सांगून, निदान चार आठवडे, जमलं तर तीन महिने लावून हळूहळू. लिथियम एकदम तोडलं की उन्माद उसळून परतण्याचा धोका असतो. हेसुद्धा चोरून देण्याविरुद्धच जातं. आई आठ दिवस गावाला गेली की त्याचं औषध त्याच्या नकळत एकदम तुटणार.

पुढचा भाग या शहराशी इतका जोडलेला आहे की पुस्तकातला समुपदेशनाचा मसुदा इथे पुरत नाही. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की ती सोडियम धरून ठेवते, आणि त्याबरोबर लिथियमही. मग डोस तोच असला तरी रक्तातली पातळी चढते. छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, नळाला रोज पाणी येत नाही, आणि मोटारसायकलवरून माल पोचवणारा माणूस दुपारभर न पिता हिंडतो. जुलाब-उलट्या झाल्या तर तेच. रक्तदाबावरच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही तेच. उपवासांचं तर वेगळंच. नुसता उपवास, ज्यात पाणी आणि साबुदाणा-शेंगदाणा मिठासकट चालतो, त्यानं फारसं बिघडत नाही. निर्जळी आणि अळणी उपवास मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नयेत. रमजानच्या रोज्यांबद्दल पुरावा एका बाजूचा नाही. कासाब्लांका इथे लिथियमवर असलेल्या 20 रुग्णांत रमजानच्या महिन्यात 45 टक्के जणांना आजार उलटला, तरी रक्तातल्या पातळीशी त्याचा संबंध दिसला नाही. झोप आणि दिनक्रम मोडणं हे कारण असावं असा तर्क आहे. पेशावरमध्ये 62 रुग्णांच्या पाहणीत मात्र पातळी फारशी हलली नाही आणि प्रकृतीही बिघडली नाही. म्हणून गुलमंडी, सिटी चौक, शहागंज या पट्ट्यातल्या डॉक्टरनं ‘रोजे धरूच नका’ असा सरसकट हुकूम सोडण्यापेक्षा रमजानच्या आधी पातळी तपासणं, रात्रीचा डोस इफ्तारनंतर बसवणं, झोपेची वेळ ठरवून घेणं आणि चैत्र-वैशाखात रमजान आला तर अधिक सावध राहणं, हे बोलावं. हात ठळकपणे थरथरू लागला, बोलणं अडखळलं, तोल गेला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. पण सगळ्यांत आधी ते त्याला पाठ हवं, कारण ती थरथर आधी त्याच्या हाताला जाणवणार.

काका : एवढं सगळं तो ऐकून घेईल, समजेल, असं तुम्ही धरून चालताय. मॅडम, हा आजार ऐन भरात समजच काढून घेतो. त्या तीन आठवड्यांत तो म्हणत होता, मला काही झालेलं नाही, तुम्हीच सगळे मंद झालात. तेव्हा काय कायदा वाचून दाखवायचा त्याला? आणि त्या वेळी आम्ही जायचं कुठे? राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. घाटीच्या सरकारी रुग्णालयात गर्दी किती असते, मला ठाऊक आहे. रात्री दोन वाजता त्याला धरून बसलेलो आम्ही असतो, तुम्ही नसता. म्हणून चहा.

काकांचा हा सगळ्यांत जड आक्षेप आहे, आणि चोरून गोळी देणाऱ्या घरांना दुष्ट ठरवणाऱ्यांनी तो नीट ऐकायला हवा. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक उपचारांबाहेर आढळले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला आधार दिसत नाही. यंत्रणा विरळ असते तिथे घर हीच यंत्रणा होते, आणि घराला सापडलेला उपाय म्हणजे चहा. हे मी मान्य करतो. तरीही काकांच्या बोलण्यात दोन निरनिराळ्या वेळा एकमेकींत मिसळल्या आहेत. उन्मादाच्या तीन आठवड्यांत समज नसते, हे खरं. पण लिथियम सुरू करण्याचा आजचा दिवस त्या तीन आठवड्यांतला नाही. मुलगा आज दुकानात बसलाय, हिशेब करतोय, गिऱ्हाइकाशी बोलतोय. आज त्याला न सांगणं म्हणजे तेव्हाच्या समजेचा अभाव आज त्याच्यावर लादणं.

ताई : काका, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं नेमकी हीच फोड केली आहे. चौथं कलम विचारतं, या माणसाला माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, निर्णय सांगता येतो का. माहिती त्याला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायची, आणि त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याला समज नाही असं ठरवायचं नाही. आज तो या कसोटीला उतरतो. म्हणून आजच त्याच्याशी तुमच्या त्या तीन आठवड्यांबद्दलही बोलायचं. त्याला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, तुम्हाला नेमेल किंवा बहिणीला. पुन्हा तसं झालं तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, हे त्याला आधीच लिहून ठेवता येतं. आणि खरोखरच समज गेली, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर 89 व्या कलमाखाली त्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करून, त्याला तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. म्हणजे तुमच्या रात्री दोन वाजताच्या संकटाला उघडा रस्ता आहे. बेड मिळणं अवघड आहे, हे तुमचं बरोबर. त्यासाठी भांडू या. रात्री निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलता येतं. पण त्या रस्त्यावर तो आपल्याबरोबर यावा असं वाटत असेल तर आज त्याला फसवू नका. चहातली गोळी एक दिवस सापडतेच. सापडली की आईच्या हातचं काही खायला तो धजावत नाही. ज्याला आजारात आधीच संशय येतो, त्याचा संशय आपण खरा करून दाखवतो.

काका : आणि सोयरीक? उद्या मुलीकडचे विचारतील.

ताई : विचारलं तर सांगायचं. लपवून केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाखाली फसवणूक म्हणून कोर्टात जाऊ शकतं. आणि तुम्ही सोयरीक काढलीत म्हणून एक सांगून ठेवते. तुमच्या घरात मुलगी आजारी असती तर मी आणखी हट्टानं तिच्याशीच बोलले असते. व्हॅल्प्रोएट घेत असताना दिवस गेले तर शंभरात दहा बाळांत मोठं व्यंग असतं आणि तीस-चाळीस मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. मुलींना, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2023 पासून सांगणं आहे. कुणाच्या तरी वरणातून ते गेलं आणि तिला माहीतच नाही, याचा विचार करा.

काका : समजा मी आणलं त्याला. तुम्ही सगळं सांगितलंत. आणि तो नाही म्हणाला. मग?

ताई : मग त्या दिवशी लिथियम सुरू होणार नाही. मी विचारेन, नेमकं काय नको आहे? रक्त काढणं नको असेल तर क्वेटियापिनसारखं दुसरं औषध आहे. त्यानं झोप आणि वजन वाढतं, तेही सांगेन. उदासीच्या झटक्यांचा त्रास जास्त असेल तर लॅमोट्रिजिन आहे. ते फार सावकाश वाढवावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबवावं लागतं. काहीच नको म्हणाला तर झोपेची वही ठेवायला सांगेन, कारण उन्माद येण्याआधी बहुतेकदा झोप कमी होते. दोन रात्री झोप तुटली की तुम्ही मला कळवायचं, हे त्याच्यासमोर ठरवू, त्याच्या पाठीमागे नाही. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटू. दुसऱ्या भेटीत हो म्हणणारे असतात, तिसऱ्या भेटीत म्हणणारेही असतात.

काका : आणि मधल्या पंधरा दिवसांत त्यानं पुन्हा माल उचलला तर?

ताई : तो धोका आहे, काका. त्याच्या संमतीनं उधारीच्या सहीचा अधिकार काही दिवस तुमच्याकडे ठेवता येईल. तेही त्याला विचारूनच.